भिडेखातर सोडलेली दोरी

सुध्या, त्या सोसायटीने गेटवर तुझा बॅनर लावलाय. भावपूर्ण श्रद्धांजली. फोटो कुठला घेतलाय माहितीये? मागच्या गणपतीतला, कपाळाला गुलाल, दात काढून हसतोयस तो. आणि त्याच गेटच्या आत, लिफ्टच्या बाजूला नोटीस चिकटवलीय. टेरेसवर काम करणाऱ्यांनी आपापल्या सुरक्षेची काळजी घ्यावी, निष्काळजीपणामुळे काही झाल्यास सोसायटी जबाबदार राहणार नाही. निष्काळजीपणा! मी ती वाचली आणि तिथल्या तिथे फाडली. वॉचमन घाबरून म्हणाला, मॅडम, सेक्रेटरी ओरडतील. म्हटलं, ओरडू दे ना, बोलाव त्यांना, मी इथेच उभी आहे. कोणी आलं नाही खाली.

तू असतास तर माझा हात धरून बाजूला नेलं असतंस. "वैशे, कशाला उगाच? म्हातारी माणसं आहेत." हेच म्हणाला असतास. मला तुझ्यासाठी रडू येतंच, पण त्याच्या आधी तुझ्या या वाक्याचा संताप येतो. रडायला बसले की मध्येच दात-ओठ खायला लागते. नवरा म्हणतो, तू त्याच्यासाठी रडतेस की त्याला शिव्या घालतेस? मी म्हटलं, दोन्ही.

हे लिहितेय ते चार लोकांनी वाचावं म्हणून, तेव्हा आपण कोण ते सांगून टाकते. तू चारकोपचा, मालवणी. वडील गिरणीत होते, गिरणी बंद झाल्यावर त्यांनी कसंबसं घर रेटलं आणि मग तू कमावता झालास. मी खाडीपलीकडची, गोराईच्या कोळीवाड्यातली, नवरा बोटीवर. आपण दोघं एका छोट्या इंटरनेट कंपनीत. ऑफिस म्हणजे चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला एक गाळा. जिथे केबल ओढता येत नाही तिथे हवेतून नेट पोचवायचं, हे काम. इकडे बोरिवलीला उंच बिल्डिंगच्या टेरेसवर एक अँटेना, तिकडे खाडीपलीकडे दुसरा, दोघांची तोंडं एकमेकांकडे. वाऱ्याने एकाचं तोंड जरासं जरी फिरलं तरी अख्ख्या आळीचं नेट बसतं. मग एकाने वर चढून अँटेना हळूहळू फिरवायचा आणि दुसऱ्याने पलीकडे बसून सिग्नल बघत फोनवर सांगायचं. डावीकडे. अजून. अरे गेलं, मागे ये. बस्स, थांब. इतक्या वर्षांत आपण जे बोललो त्यातलं अर्धं बोलणं हेच असेल.

आणि तू निष्काळजी? मी कामाला लागले तेव्हा तू मला कितीतरी दिवस टेरेसवर पाऊल टाकू दिलं नव्हतंस. गाळ्याच्या छताला लोखंडी तुळई आहे ना, तिला दोरी बांधलीस, माझ्या अंगाला पट्टा चढवलास आणि म्हणालास, "लटक."

"सुध्या, लोक बघतायत."

"बघू दे. वजन सोड सगळं. दोरीवर भरवसा बसल्याशिवाय मी तुला वर नेणार नाही."

शेजारच्या गाळ्यातली पॅकिंगवाली सगळी माणसं बाहेर आली होती. मी फूटभर वर लोंबकळत तुला काय काय बोलत होते, आणि तू खाली स्टुलावर बसून वडापाव खात होतास. तेव्हा मला वाटलं, हा माणूस छळणार. छळलंसच. गच्ची ओली असली की काम बंद. आभाळ गडगडलं की हातातलं टाकून खाली. वारा सुटला तर उद्या. खांब उभा करायचा तो विजेच्या तारेपासून इतका लांब, की उद्या आडवा झाला तरी तारेपर्यंत पोचता कामा नये. खांबाला अर्थिंग केल्याशिवाय मशीनचा डबा उघडायचा नाही. आणि दोरी बांधायची ती काँक्रीटच्या पिलरलाच. पाण्याच्या पाइपला नाही, अँटेनाच्या दांड्याला तर नाहीच नाही. "ज्याला आपण धरलंय त्यालाच बांधून घेतलं तर दोघं हातात हात घालून खाली जाऊ," असं म्हणायचास. मी हसायचे.

तुझ्यामुळे मी आज जिवंत आहे, हे मला माहीत आहे. मागे एका टेरेसवर माझ्या पायाखालचा पत्रा सरकला होता, तेव्हा मी दोरीवरच राहिले. तू वरून मला ओढून घेतलंस, पाणी दिलंस आणि वर परत पंधरा मिनिटं झापलंस, की आधी पत्र्यावर पाय ठेवलासच का. त्याबद्दल मी तुला कधी थँक्यू म्हटलं नाही. आपल्यात असलं काही बोलायची पद्धत नव्हती. आता बोलते, तर ऐकायला तू नाहीस.

पण तुला नाही म्हणता यायचं नाही. वाऱ्यापावसापुढे तू वाघ, माझ्यापुढे तर महावाघ. आणि कोणी पांढऱ्या केसांचा माणूस "बाळा" म्हणाला की संपलं! जीभच रेटायची नाही तुझी. मुलुंडचा तो बंगला आठवतो? त्या आजोबांना अँटेना मागच्या बाजूला हवा होता, पुढून शोभा जाते म्हणून. मागे हाताच्या अंतरावर विजेच्या तारा. तू आपला मान डोलावतोयस, "बरोबर आहे आजोबा, बघतो आजोबा," आणि मग हळूच माझ्याकडे बोट. "माझं काही नाही हो, आमच्या मॅडम फार कडक आहेत. त्या ऐकत नाहीत." आजोबांनी माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी त्यांच्या घरावर जप्ती आणलीय. मग मीच कमरेवर हात ठेवून म्हटलं, तिथे लावणार नाही, माणूस मरेल. आजोबा बडबडत आत गेले आणि तू खाली आल्यावर टाळी मागतोस! "झकास जमलं ना?"

ते आपलं ठरूनच गेलं होतं. नाही म्हणायची वेळ आली की मी पुढे. सगळ्या सोसायट्यांत तू गुणी मुलगा आणि मी खडूस बाई. आपल्या कंपनीच्या शेठला तोंडावर नाही म्हणता येत नाही म्हणून तू फोन बंद करून ठेवायचास, आणि शेठ मला फोन करून शिव्या द्यायचा. लग्नासाठी मुलगी बघायला गेलास आणि तिथल्या काकूंनी आग्रह केला म्हणून पोह्यांवर पोहे खाऊन पोट धरून परत आलास. वर मुलगी पसंत नाही हे त्यांना कळवायला आईला पुढे केलंस. आपण त्यावर किती हसलो. तेव्हा हसायला नको होतं रे.

आणि ती फुकटची कामं! टेरेसची परवानगी टिकवायची म्हणून कमिटीतल्या कोणाचा टीव्ही बघ, कोणाच्या खिडकीला कबुतराची जाळी लाव, गणपतीत लाइटिंगच्या माळा सोड. मी म्हणायचे, आपण यांचे घरगडी आहोत का? तू म्हणायचास, "अगं, माणसं जोडून ठेवावी लागतात. उद्या अँटेना काढा म्हणाले तर तुमच्याच गावाची वाट लागेल." यावर आपलं भांडण कधी मिटलंच नाही. अगदी शेवटच्या आठवड्यातही जेट्टीवर उभं राहून आपण त्याच्यावरूनच भांडलो. वर तू म्हणालास, कोळणीच्या तोंडाला कोण लागणार. मी म्हटलं, मालवण्याला तरी कोण लागतंय. मग आपण सरबत प्यायलो. पण भांडण राहिलंच, आणि माझं बरोबर होतं, सुध्या. बरोबर होतं म्हणून काय करू मी आता?

तो दिवस मी रोज उगाळतेय, तर इथेही सांगते. वाऱ्याने बोरिवलीचा अँटेना फिरला होता आणि आमच्या आळीचं नेट बसलं होतं. इकडे बायकांच्या मासळीच्या ऑर्डरी फोनवर येतात, पैसेही फोनवर, त्यामुळे नेट गेलं की सगळ्या माझ्या दारात. सकाळी तू त्या सोसायटीच्या टेरेसवर गेलास, मी इथे आमच्या आळीतल्या एका घराच्या गच्चीवर बसले. दोघं एका ठिकाणी असून चालत नाही, या कामात एक जण पलीकडे लागतोच. तू कानात इअरफोन घातलेला, म्हणून मला तिकडचं सगळं ऐकू येत होतं. मागे स्पीकरवर कोणीतरी माइक टेस्टिंग करत होतं. तू म्हणालास, संध्याकाळी परब काकांच्या मुलीची हळद आहे टेरेसवर, मंडपवाले आलेत.

परब काका म्हणजे त्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्यात तुमच्या गावचे. तुमच्या गावच्या मंडळात तुझे वडील त्यांच्यापुढे कधी बसायचे नाहीत, उभ्यानेच बोलायचे, हे तूच मला सांगितलं होतंस. म्हणजे तुला भीड दुप्पट.

तू पाण्याच्या उंच टाकीवर चढला होतास, अँटेना तिथेच, पट्टा घातलेला होता, दोरी पलीकडे लिफ्टच्या खोलीच्या पिलरला. म्हणजे टेरेसभर आडवी. मग मला त्यांचा आवाज आला.

"अरे सुधीर, बाळा, ही दोरी जरा काढ ना. मंडपवाल्यांना खुर्च्या नेता येत नाहीत."

तू म्हणालास, "हो काका."

मी इथून ओरडले, "सुध्या, दोरी सोडू नकोस! त्यांना सांग थांबा. नाहीतर तू खाली ये, दुसऱ्या बाजूने बांध, मग चढ."

"तिकडे बांधायला काही नाही गं. दोनच बोल्ट राहिलेत."

"मग उद्या कर. हळद होऊ दे त्यांची. आळीतल्यांना मी बघते."

"अगं काका म्हणतायत ना. दोनच मिनिटं. तू सिग्नल बघ."

तू खाली उतरलास, दोरी सोडलीस, परत चढलास, हे सगळं मी ऐकलं. तुझा श्वास ऐकला. काका म्हणाले, "शाब्बास." तेसुद्धा ऐकलं. मग आपलं नेहमीचं सुरू झालं. डावीकडे. अजून. जरा मागे. आणि सिग्नल आला, सुध्या. फुल आला. माझ्या खाली आळीत सगळ्या बायकांचे फोन एकदम वाजायला लागले, अडकलेले मेसेज सगळे एकदम. कोणीतरी ओरडली, आलं गं आलं! मी म्हटलं, "बस्स, थांब!" आणि तिकडून काही उत्तर आलं नाही. पाना पडल्याचा आवाज आला, आणि मग कितीतरी वेळ माइक टेस्टिंगच ऐकू येत होतं.

आमच्याकडून यायचं तर खाडी ओलांडावी लागते. बोटीत मी उभीच होते, नावाड्याला म्हणत होते हाण, हाण. पोचले तोवर तुला टाकीखालून उचलून घेऊन गेले होते. मी वर गेले. मंडपवाल्यांनी काम थांबवलं होतं, सगळे भिंतीला टेकून बसले होते. तुझी दोरी कोपऱ्यात होती, गोल गोल गुंडाळून, टोक आत खोचलेलं. तुझ्याशिवाय तसं कोणी गुंडाळत नाही. मरायला चढतोयस आणि त्याआधी लोकांच्या पायात येऊ नये म्हणून दोरी नीट गुंडाळून ठेवतोयस! मी तिथेच बसले आणि ती दोरी मांडीवर घेऊन तुला आई-बहिणीवरून शिव्या घातल्या. मंडपवाले बघत होते.

हळद झाली त्या संध्याकाळी. टेरेसवर नाही, खालच्या हॉलमध्ये. आवाज कमी ठेवला म्हणे. आमच्या आळीचं नेटही तोवर परत बसलं, कारण ते दोन बोल्ट शेवटी ढिलेच राहिले होते.

मग सुरू झालं जे सुरू व्हायचं होतं ते. परब काकांनी पोलिसांना सांगितलं, मी टेरेसवर नव्हतोच, त्याने दोरी बांधलीच नव्हती. मंडपवाले म्हणाले, आम्ही आमच्या कामात, आम्हाला काय माहीत. मी चौकीवर गेले तर साहेब म्हणतो, बाई, तुम्ही तिथे होता का? म्हटलं, कानाने होते. तो हसला रे. दोरी दाखवली, तर म्हणाला, याने काय सिद्ध होतं? शेठ म्हणाला, वैशाली, आता वाढवू नको, एका सोसायटीशी वाजलं की बाकीच्याही टेरेस जातात, आणि गेलेला माणूस काही येत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर कोणी कोणी लिहिलं, हे लोक हेल्मेट घालत नाहीत, बेल्ट लावत नाहीत, यांना जिवाची पर्वाच नाही. हे लोक! मला ते त्यांच्यातल्याच एकीने दाखवलं. जो माणूस मला फूटभर उंचीवरून पडू देत नव्हता, त्याला जिवाची पर्वा नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पैसाअडका जाऊ दे, सुध्या, मला एवढंच हवं होतं, की तू निष्काळजीपणाने गेलास हे कुठेही लिहिलेलं राहू नये. तुझ्यापाशी दुसरं होतं काय? घर नाही, गाडी नाही. काम नीट करणारा माणूस, एवढंच नाव होतं, तेसुद्धा यांनी घेतलं.

आणि मला गप्प कोणी केलं माहितीये? तुझ्या आईने. परवा हॉलमध्ये तुझी शोकसभा ठेवली होती, सोसायटी आणि तुमच्या गावचं मंडळ मिळून. आदल्या दिवशी मी घरी गेले तर तिने मला जवळ बसवलं. रडून रडून आवाज बसलेला. म्हणाली, "गो चेडवा, गेलो तो गेलो. आता कोणावर बोल ठेवून काय माझो झील परत येतलो? परबभावजी आपल्या गावचे. उद्या गावाक गेलंय तर त्येंचा तोंड बघूचा लागतला. तू काय बोलू नको हां." मी तिला हो म्हटलं. ज्या बाईचा मुलगा गेलाय तिला नाही कसं म्हणू? बघ, मलाही जमलं नाही. तेव्हा मला कळलं तुझं आतून काय होत असेल ते, आणि तुझा राग आणखीनच आला.

सभेला सगळे आले होते. पांढरे कपडे, अगरबत्ती, तुझ्या फोटोला हार. शेठ बोलला, कर्तव्यदक्ष वगैरे. दोन मिनिटं आटपून फोन बघायला लागला. मग परब काका उठले. वाळलेले दिसत होते, खोटं नाही सांगत. माइक हातात घेऊन म्हणाले, "सुधीर म्हणजे आमच्या घरचाच मुलगा. फार गुणी. कधी कोणाला नाही म्हणाला नाही. कोणतंही काम सांगा, हो काका." आणि सगळ्यांनी मान हलवली. खरंय, खरंय. माझ्या शेजारची एक बाई तर डोळे पुसायला लागली.

मी उठले. तुझ्या आईने माझा पदर धरला होता, तो मी सोडवला. मी म्हटलं, "काका, त्या दिवशीही तो हो काकाच म्हणाला. मी फोनवर होते. तुम्ही म्हणालात, बाळा दोरी काढ. त्याने काढली. तुम्ही म्हणालात, शाब्बास." मला आणखी बरंच बोलायचं होतं, घरून ठरवून आले होते, पण ऐनवेळी ते सगळं विसरले. मग मी फक्त एवढं म्हटलं, की त्याला निष्काळजी म्हणू नका, त्याने दोरी बांधली होती.

मग मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, ही वेळ आहे का? आईसमोर?" दुसरा म्हणाला, "बसा, बसा खाली." मी बसले नाही.

काका माइक धरून उभे होते. मला वाटलं, आता खोटं बोलतील, आणि मी तयारच होते, त्यांच्या अंगावर जायची सुद्धा तयारी होती माझी. पण त्यांचा चेहरा वाकडातिकडा व्हायला लागला. म्हणाले, "हो. मी म्हटलं होतं. घरात कार्य होतं, डोक्यात शंभर गोष्टी. पण त्याने नाही म्हणायचं ना! नाही काका, पडेन, एवढंच म्हणायचं. मी ऐकलं असतं. मी काय राक्षस आहे का?" आणि लहान मुलासारखे रडायला लागले, माइक तसाच तोंडापुढे.

सुध्या, मी त्या म्हाताऱ्याला फाडून खायला उभी होते, आणि तो खरं बोलला. ऐकलं असतं त्याने. कुरकुर करत का होईना, ऐकलं असतं. मंडपवाल्यांनी खुर्च्या दुसऱ्या बाजूने नेल्या असत्या. मला त्या क्षणी त्याचा राग यायचा थांबला नाही, खोटं बोलून इतके दिवस तुझं नाव मातीत घालत होता त्याचा राग मला जन्मभर राहील. पण त्याच्याहून जास्त तुझा आला. फोटोतून दात काढून हसत होतास, तो हार ओढून काढावा असं वाटलं.

तेवढ्यात तुझी आई उठली. तिला कोणीतरी धरायला गेलं, तर तिने हात झटकला. मला वाटलं, ती मला बोलणार. ती काकांकडे बघत होती. आवाज तर नव्हताच तिला, पण हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं.

"परबभावजी," ती म्हणाली, "तुमका नाय म्हणूक आमी त्याका कधी शिकवूकच नाय."

मग ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावला. अगरबत्ती विझली होती, ती लावायलाही कोणी उठेना. शेवटी मंडळाच्या अध्यक्षांनी दोन मिनिटं शांततेसाठी उभं राहायला सांगितलं, पण सगळे तर आधीच गप्प होते.

उद्या मी परत चौकीवर जातेय. काका म्हणालेत, मीही येतो, जबाब बदलतो. येतील की नाही, देव जाणे, रात्रीत त्यांना कोणी काय शिकवेल सांगता येत नाही. तुझी आई मात्र येणार आहे. कोणी नाही म्हटलं तरी ती येणारच, असं तिने मला बजावलंय.

माझं अजून सगळं बोलून झालेलं नाही. तुझ्यासाठी नीट रडता येत नाही त्याचाही मला राग आहे. रोज कोणीतरी मला सांगतं, किती चांगला होता, कोणाचं मन मोडलं नाही त्याने. आणि मी मनात म्हणते, मोडायचं होतं ना रे. एकदा मोडायचं होतंस. काका चिडले असते. चार लोकांसमोर टाकून बोलले असते, तुझा बाप काढला असता. तू मान खाली घालून ऐकून घेतलं असतंस, आणि दोरी बांधलेली राहिली असती.